खंडोबा-बानूचं आख्यान: सांगायचं कसं, आणि जगातल्या कथांशी ताडून बघायचं कसं

सोलापुरात खंडोबाची कथा सांगायला उभं राहिलं की समोर तीन भाषांची माणसं बसलेली असतात. मराठी घरातला खंडोबा कानडी घरात मैलार असतो आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरात मल्लन्ना. म्हणून तुलना करायला ग्रीसला जाण्याआधी शेजारच्या पेठेत जायचं. हा क्रम उलटा झाला की कार्यक्रम हमखास फसतो: वक्ता अपोलोवर बोलत राहतो आणि तिसऱ्या रांगेतल्या माणसाला ठाऊक असलेली, त्याहून कितीतरी जवळची कथा तशीच राहून जाते.

खालचं सगळं एका संध्याकाळच्या कार्यक्रमासाठी आहे. वाचनालय, शाळेचा हॉल किंवा सोसायटीची गच्ची, कुठेही चालेल. चाळीस मिनिटं कथा, वीस मिनिटं तुलना. तयारीला दीड-दोन महिने लागतात, कारण निम्मा वेळ नुसता ऐकण्यात जातो.

आख्यान एकच घ्या

खंडोबाच्या नावावर बरीच आख्यानं आहेत. मणी-मल्लाचं युद्ध, म्हाळसेशी लग्न, बानूची चाकरी, शिवाय रंभाई शिंपीण, फुलाई माळीण आणि चंदाई भागवीण यांच्या कथा. सगळं एका बैठकीत कोंबलं तर यादी होते, कथा होत नाही. युद्ध आणि बानू ही दोन आख्यानं तर स्वभावानंच वेगळी आहेत. युद्धात देव राजा आहे, बानूकडे तो चाकर आहे. इथे बानूचं, म्हणजे खंडोबाच्या धनगर घरातल्या दुसऱ्या बायकोचं, आख्यान घेतलंय, कारण त्यात घर, रुसवा, रोजगार, जनावरं आणि जात असं सगळं माणसांच्या मापाचं आहे.

सिद्धरामेश्वर आणि कुंभारकन्या यांची कथाही सोबत घ्यायचा मोह सोलापूरकराला होणारच, कारण गड्ड्याच्या यात्रेतला अक्षता सोहळा सगळ्यांनी पाहिलेला असतो. पण तिथे शिवयोगी लग्न नाकारतो आणि कन्येचं लग्न योगदंडाशी लागतं. बानूच्या कथेत देव लग्नासाठी हट्टाला पेटलाय. दोन्ही एकत्र सांगितल्या तर एकमेकींचा रंग उतरतो. कुंभारकन्येला स्वतंत्र संध्याकाळ द्या.

ऐकणं आणि टिपणं

मार्गशीर्षात चंपाषष्ठीच्या सुमाराला सोलापूरजवळच्या बाळ्याच्या खंडोबाची यात्रा भरते. लग्नानंतर किंवा नवस फेडायला घरोघरी जागरणं होतात. तिथे वाघ्या-मुरळी दिमडी, तुणतुणं आणि घाटीवर गातात. सांगोला, मंगळवेढ्याकडच्या धनगरवाड्यांवर ढोल-झांजेवरची धनगरी ओवी ऐकायला मिळते. दोन्हीकडे जा. जागरणात बहुधा म्हाळसा आणि बानूचं भांडण रंगतं, धनगरी ओवीत मेंढरं आणि रान. एकाच बाजूचं ऐकून कथा बांधली तर ती लंगडी होते.

धनगरी ओवीची सुरुवात ‘सुंबरान मांडलं’ने होते. गाणारा एकेका देवाचं आणि ठिकाणाचं नाव घेत जातो. घाई असलेला माणूस हे ‘नुसतं नमन’ म्हणून वगळतो, आणि तिथेच मोठी चूक होते. नावं कोणत्या क्रमानं आली, कोणती गावं आली, कोणती नाही, यावरून गाणाऱ्याचा मुलूख आणि मेंढरांच्या वाटा कळतात. सुंबरान शब्दन् शब्द उतरवून घ्या.

ध्वनिमुद्रणाला साधा फोन पुरतो, पण तो ठेवायचा कुठे हे महत्त्वाचं. ढोलाच्या तोंडासमोर ठेवला तर आवाज फाटतो आणि ओवीचा शेवटचा शब्द ऐकूच येत नाही. गाणाऱ्यापासून दोन-तीन हातांवर, ढोल्याच्या पाठीकडच्या बाजूला, घडी घातलेल्या घोंगडीवर किंवा टॉवेलवर ठेवा. नुसता जमिनीवर ठेवला तर पावलांचे दणके त्यात उतरतात. फोन विमान मोडवर टाका. फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात घेतलीत तर एका मार्गावर (मोनो) तासाला साधारण सव्वातीनशे एमबी जागा लागते, तेवढी आधी मोकळी करा. परवानगी गाणं सुरू होण्याआधी घ्यायची, आणि अंगात आलं की मुद्रण थांबवायचं. तिथे कुणी तुम्हाला अडवणार नाही, पण पुढच्या वर्षी बोलावणारही नाही.

दुसऱ्या दिवशी, उजेडात, चहा पिता पिता त्याच माणसाला कथा ‘नुसती बोलून’ सांगायला सांगा. रात्री सुरात गिळलेली नावं तेव्हा सुटी होतात. शिवाय बोलताना तो काय गाळतो आणि काय नव्यानं घालतो हेही कळतं. दोन्ही रूपं वेगवेगळ्या वहीत लिहा, एकात मिसळू नका. एक तासाचं गाणं उतरवायला सहा ते आठ तास लागतात. आणि उतरवताना बोली धुऊन काढायची नाही. ‘म्हनला’ आहे तिथे ‘म्हणाला’ केलं की पुढे कथेचा ठेकाच सापडत नाही.

बारा कार्डं

पोस्टकार्डाएवढी बारा कार्डं कापा. प्रत्येकावर एकच घटना, दोन ओळींत. ऐकलेल्या रूपांत फरक असणारच, पण सर्वसाधारण सांगाडा असा येतो:

1. गडावर खंडोबा-म्हाळसेचा सारीपाट.
2. देव हरतो, बारा वर्षं गड सोडावा लागतो.
3. वेश पालटून, म्हातारा होऊन, बानूच्या गावी चंदनपुरीकडे.
4. बानूच्या वाड्यावर चाकरी मागतो, बानू नाक मुरडते.
5. मेंढरं राखतो.
6. मेंढरं धुवायला पाण्यावर नेतो.
7. आपटून मारतो.
8. बानूचा आकांत.
9. अट: लग्न कर, उठवून देतो.
10. भंडारा टाकतो, मेंढरं उठतात, लग्न लागतं.
11. बानूला घेऊन गडावर, म्हाळसेचा संताप.
12. तोडगा: म्हाळसा गडावर, बानू अर्ध्या वाटेवर.

काही रूपांत सारीपाट नसतोच. देवाला बानू शिकारीत किंवा स्वप्नात दिसते. कुठलं घ्यायचं ते ठरवा आणि तेच शेवटपर्यंत धरून राहा. सारीपाट घेतला तर म्हाळसेच्या रागाला धार येते, कारण डाव तिनंच जिंकलेला असतो आणि हार तिचीच होते. स्वप्न घेतलं तर कथा मऊ पडते. आमचा कौल सारीपाटाला.

कार्डाच्या मागे तीनच गोष्टी लिहा: कोण बोलतं, कुठे आहोत, आणि पाठ असायलाच हवी अशी एक ओळ. बाकी कथा लिहून काढायची नाही. लिहून पाठ केलेली कथा सांगताना डोळे वर छताकडे जातात आणि तीन मिनिटांत ऐकणाऱ्यांचे फोन बाहेर येतात.

सांगताना

सगळ्यात अवघड सहा ते आठ ही कार्डं. नवखा सांगणारा ती एका वाक्यात उरकतो: ‘मग खंडोबाने सगळ्या मेंढ्या मारून टाकल्या आणि बानूला फार दुःख झाले.’ इथे आख्यानाचा कणाच मोडतो. मौखिक कथेत मोठी गोष्ट मोठी वाटते ती पुनरुक्तीनं, विशेषणांनी नव्हे. असं सांगून बघा:

‘पहिलं मेंढरू घेतलं. पाण्यात बुचकळलं. दगडावर आपटलं. काठावर ठेवलं. दुसरं घेतलं. पाण्यात बुचकळलं. दगडावर आपटलं. काठावर ठेवलं. दिवस कलला. काठावर काळी रास लागली. बानूनं लांबून बघितलं. म्हनली, म्हातारा कामाचा दिसतुया, धुऊन कशी वळीनं निजवलीत.’

आता ती जवळ येते. मेंढरं मेलीत हे ऐकणाऱ्याला तिच्या आधी ठाऊक आहे. ती राशीपर्यंत पोचेपर्यंत तुम्ही गप्प राहायचं. चार श्वास. तेवढे पुरतात, पाचव्याला खोकला सुरू होतो.

‘काळी रास’ मुद्दाम म्हटलंय. दख्खनी मेंढरं बहुतेक काळी किंवा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची असतात. शहरातले सांगणारे ‘कापसासारखी शुभ्र मेंढरं’ म्हणतात, ती चित्रांतून आलेली. श्रोत्यांत एक जरी धनगर असला तर पुढची कथा त्यानं ऐकलेली नसते. धुण्याचं कारणही सांगा: लोकर कातरण्याआधी मेंढरं पाण्यातून काढतात, म्हणजे माती आणि काटेकुटे निघतात. देवाला हे काम देणं म्हणजे वाड्यावर रोज लागतं ते खरं काम देणं. हे समजलं की त्याची दगाबाजीही नीट दिसते.

ती दगाबाजी लपवू नका. बानू नको म्हणते आणि देव तिची रोजीरोटी संपवून होकार मिळवतो. याला ‘लीला’ म्हणून हसण्यावारी नेलं तर आजचा श्रोता बिथरतो, त्यावर भाषण ठोकलं तर कथा मरते. ओवी ऐकणाऱ्याला बानूच्या आकांतात पुरेसा वेळ ठेवते, तेवढा तुम्हीही द्या आणि पुढे चला.

म्हाळसेला खाष्ट करायचं टाळा. मालिकांनी तिला एकसुरी रागीट करून ठेवलंय. ती लिंगायत वाण्याची लेक, बाजारपेठेच्या शिस्तीतली. बानू रानातली, पाऊस बघून तळ हलवणारी. बऱ्याच गाण्यांत एक दुसरीच्या घोंगडीच्या वासावर बोलते आणि दुसरी तिच्या सोवळ्यावर. दोघींना समसमान झणझणीत वाक्यं द्या. एकीला चार, दुसरीला दोन, असं झालं की निकाल आधीच फुटतो.

सुराचं भान नसेल तर गाऊ नका. प्रत्येक तीन कार्डांनंतर एक ओवी, एवढंच प्रमाण ठेवा आणि ती गाणाऱ्याला बोलावून त्याच्याकडून म्हणवा. त्याचं मानधन आधी ठरवून त्याच रात्री हातात द्या.

आधी शेजार

तुलनेसाठी मोठा कागद घ्या आणि पाच रकाने पाडा: देव घर का सोडतो, कोणाकडे राबतो, अट कोण घालतं, मुलगी कोणाची, शेवटी कोण कुठे राहतं. पहिल्या ओळीत बानूची कथा. पुढच्या दोन ओळींत तेलुगू आणि कानडी.

तेलंगणात कोमुरवेल्लीच्या मल्लन्नाला दोन बायका आहेत: बलिज, म्हणजे व्यापारी घरातली मेडलम्मा आणि गोल्लांची, म्हणजे गवळी-मेंढपाळांची केतम्मा. त्याची कथा ओग्गु कथा सांगणारे कलावंत ओग्गु नावाच्या डमरूसारख्या वाद्यावर सांगतात. कर्नाटकात मैलारलिंगाच्या एका बाजूला गंगी माळव्वा, दुसऱ्या बाजूला कुरुबांची, म्हणजे कानडी मेंढपाळांची लेक. म्हणजे तिन्हीकडे एक पत्नी व्यापारी लिंगायत वळणाची आणि दुसरी मेंढपाळांची. हे साम्य वजनदार आहे, कारण असा तपशील दोन माणसांना आपापला सुचणं अवघड. ही एकाच कथेची तीन घरं. यांना पहिल्या ढिगात टाका.

दुसरा ढीग पोथ्यांचा. स्कंदपुराणाच्या केदारखंडात शंकर पार्वतीशी फाशांच्या खेळात हरतो, रुसून रानात जातो आणि पार्वती शबरीचं रूप घेऊन त्याला भुलवते. सारीपाट, हार, रान, रानातली बाई, सगळं आहे. फरक एकच, आणि तो सगळ्यात मोठा: पुराणात रानातली बाई ही पार्वतीच निघते, त्यामुळे भांडण मिटतं. आख्यानात बानू ही बानूच राहते. म्हणून शेवटी दोन घरं करावी लागतात, आणि जेजुरीला गड चढताना अर्ध्या वाटेवर बानूचं देऊळ आजही लागतं. महाभारतात पांडव द्यूतात हरतात, बारा वर्षं वनवास भोगतात आणि मग वेश पालटून विराटाकडे राबतात. नळ बाहुक होऊन ऋतुपर्णाचा रथ हाकतो. गाणारे या कथा जाणून असतातच, त्यामुळे इथे देवाणघेवाण झाली असं मानायला जागा आहे. दिशा कोणती, हे मात्र ठामपणे सांगू नका.

मग दूरदेश

तिसरा ढीग अशा कथांचा, ज्यांच्याशी आपला संबंध दाखवता येत नाही, तरी चेहरा ओळखीचा वाटतो. चारपेक्षा जास्त घेऊ नका.

ग्रीकांचा अपोलो घ्या. देवांचा राजा झ्यूस यानं अपोलोचा मुलगा अस्क्लेपिअस वीज टाकून मारला, त्या रागात अपोलोनं वीज घडवणारे सायक्लोप्स मारले. शिक्षा म्हणून त्याला एक वर्ष माणसाची चाकरी करावी लागली. थेस्सलीतल्या फेराईचा राजा अॅडमेटस याची गुरं त्यानं राखली. मालक चांगला वागला म्हणून अपोलोनं त्याच्या गाईंना जुळी वासरं होतील असं केलं आणि त्याला हवी ती राजकन्याही मिळवून दिली. युरिपिडीसचं यावरचं नाटक इ.स.पू. 438 मध्ये रंगभूमीवर आलं. खंडोबाशी ताडून बघा: दोघेही देव, दोघांनाही शिक्षा, दोघेही जनावरांमागे. पण अपोलो मालकाचं लग्न जुळवतो, खंडोबा मालकिणीशी स्वतःचं. अपोलो कळप वाढवतो, खंडोबा मारतो. साम्यानं माणसं माना डोलावतात, फरकानं सरसावून बसतात.

बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकातला याकोब राहेलीसाठी लाबानाकडे सात वर्षं मेंढरं राखतो. लग्नाच्या रात्री तिची थोरली बहीण लेआ गळ्यात पडते, मग राहेलीसाठी आणखी सात वर्षं. इथे फसवणूक सासरा करतो, आपल्याकडे नवरा. दोन बायकांची चढाओढ दोन्हीकडे आहे, पण तिथे त्या सख्ख्या बहिणी आहेत, इथे दोन जाती.

मेलेली जनावरं उठवण्याला उत्तर युरोपातला ‘थोर’ नावाचा देव सापडतो. तो रथाचे दोन बोकड कापून खातो, हाडं कातड्यावर मांडतो आणि सकाळी हातोड्यानं मंतरून उठवतो. एका शेतकऱ्याच्या घरी पोरानं मगज खायला मांडीचं हाड फोडलं, तर बोकड मागच्या पायानं लंगडा उठला. भरपाई म्हणून तो पोरगा आणि त्याची बहीण थोरचे चाकर झाले. ही कथा आइसलँडमध्ये 13व्या शतकात लिहून ठेवली गेली. तिथे जिवंत करणं हे रोजचं जेवण भागवणं, इथे ते वाटाघाटीतलं हत्यार. लोककथांचा अभ्यासक स्टिथ थॉम्पसन याच्या कथाबंधांच्या (कथांत पुन्हा पुन्हा येणाऱ्या घटकांच्या) सूचीत खाल्लेलं जनावर पुन्हा जिवंत होण्याला ई 32 हा क्रमांक आहे आणि एखादा अवयव उणा राहून उठण्याला ई 33. आपल्या मेंढरांना कोणी खाल्लेलं नाही, म्हणून ई 32 तंतोतंत बसत नाही. ‘जवळचा’ असं लिहा आणि पुढे जा. क्रमांक जुळवण्यात रात्री घालवू नका.

चौथी सुमेरची, म्हणजे प्राचीन इराकमधली. इनान्ना देवीला शेतकरी एन्किम्दू आवडतो, भाऊ उतू म्हणतो मेंढपाळ दुमुझी कर. मग दुमुझी ठणकावतो: त्यानं पीठ दिलं तर मी मेंढी देईन, त्यानं बीअर दिली तर मी दूध. म्हाळसा-बानूच्या भांडणाशेजारी ही कविता मोठ्यानं वाचा. शेत आणि मेंढरं यांची कुरबूर चार हजार वर्षांपूर्वीही अशीच चालायची. तिथे निवड बाई करते, आपल्याकडे पुरुष दोन्ही ठेवतो.

नियम एवढाच: जितकी साम्यं लिहाल तितकेच फरक लिहा. तीन साम्यांपुढे तीन फरक सुचले नाहीत तर ती कथा तुम्हाला पुरेशी माहीत नाही, काढून टाका.

घसरण्याच्या जागा

नावांच्या उच्चारसाम्यावरून नातं जोडू नका. ‘आमची जुनी, त्यांनी उचलली’ हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. मौखिक कथेचं हाती असलेलं वय म्हणजे मुद्रणाची तारीख, त्यामागचं सगळं सिद्ध करावं लागतं. प्रलयासारखी कथा तुलनेला घेऊ नका. पूर येतो तिथे ती असतेच, त्यातून काही हाती लागत नाही.

आणि वीर घर सोडतो, संकट झेलतो, बदलून परततो, हा सगळीकडे ठोकला जाणारा साचा बानूच्या कथेवर बसवू नका. खंडोबा परततो तो होता तसाच. बदलतं ते घर. साच्यात घालायला गेलात की नेमकं म्हाळसा आणि बानू बाहेर पडतात, आणि आख्यान तर त्या दोघींचं आहे.

प्रत्यक्ष रात्री

कथा आधी, अखंड. मध्ये ‘हे ग्रीकांतही आहे बरं का’ असं एकदाही नाही. कथा संपल्यावर पाच मिनिटं पाणी. मग कागद भिंतीवर लावा, पण तेलुगू आणि कानडी ओळींतले शेवटचे दोन रकाने कोरे ठेवून. समोरच्यांना विचारा. पूर्व भागातली एखादी आजी केतम्माबद्दल जे सांगेल ते तिच्याच शब्दांत, तेलुगूतच, देवनागरीत लिहा. भाषांतर बाजूला बसलेला नातू करेल. कुणी ‘आमच्यात असं नाही’ म्हणालं तर वाद घालू नका. त्याला खडू द्या, नवी ओळ आखा, गाव आणि तारीख घाला, त्याच्यासमोर वाचून दाखवा आणि पुढच्या हाताकडे वळा. परदेशी चार ओळी शेवटच्या आठ मिनिटांत. वेळ संपली तर सुमेर गाळा, आजीला थांबवू नका.

मुद्रणाची एक प्रत पेन ड्राइव्हवर गाणाऱ्याला पोचवायची आहे. त्यावर त्याचं आणि गावाचं नाव त्यानं सांगितलं तसंच घाला, आणि मुद्रण इंटरनेटवर टाकायचं का हे तेव्हाच, पुन्हा एकदा विचारा.